उल्काताईंचे गुडघे

उल्काच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. एकतिशीतली बाई, दीड वर्षाच्या स्पृहाला कडेवर घेऊन सदाशिव पेठेतल्या बिनलिफ्टच्या इमारतीचे जिने दिवसातून कितीदा तरी चढायची-उतरायची. तरी सकाळी मोबाइल उघडला की कोणी ना कोणी तिच्या गुडघ्यांची चौकशी केलेली असे. ‘उल्काताई, निर्गुंडीचं तेल कोमट करून लावा.’ ‘ताई, आमच्या ह्यांनी ऑपरेशन करून घेतलं, आता जिने चढतात. डॉक्टरांचा नंबर देऊ का?’ नाशिकच्या एका आजोबांनी तर ‘आपल्या वयाला हा उत्साह म्हणजे कमालच’ असं लिहिलं होतं. त्या दिवशी उल्का आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली.

गुडघे सासूबाईंचे होते. लेखही सासूबाईंचेच. नाव तेवढं उल्काचं.

‘वाट वाकडी करून’ हा ब्लॉग मात्र खरंच उल्काचा. नोकरीला लागली तेव्हा सुरू केलेला. शनिवारी पहाटे स्कूटर काढायची, मोठा रस्ता सोडून मनाला येईल तिथं आत वळायचं, एखादं तळं, एखादा दगडी पूल, बाभळींत दडलेलं देऊळ शोधायचं आणि रविवारी त्यावर लिहायचं. लिहायची जीव ओतून. ‘धुक्यानं डोंगराच्या गळ्यात हात टाकले होते’ अशी एखादी ओळ सुचली की त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं. वाचणारे मोजकेच, पण लोभ असणारे. पुढं जाहिराती लागल्या, अधूनमधून थोडे पैसे खात्यात पडू लागले. पेट्रोल सुटायचं, एवढंच. पण आपण हिंडावं, त्याचं आपण लिहावं आणि त्याचे कोणी पैसे द्यावेत, याचं तिला भारी अप्रूप होतं.

मग लग्न, मग स्पृहा. हिंजवडीतली नोकरी सुटली. स्कूटर जिन्याखाली धूळ खात उभी राहिली. नवीन काही लिहिलं जाईना, वाचणारे पांगले आणि तिच्या एकटीच्या नावावर येणारे ते शेवटचे पैसेही आटले.

सुहासिनीबाई, म्हणजे सौमित्रच्या आई, त्याच सुमारास हिंडायला लागल्या. पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली होती. कोणाच्या नळाला पाणी नाही, कोणाच्या नळाला गढूळ, तर जाऊन बघायचं आणि शेरा लिहायचा. निवृत्त झाल्यावर ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं आणि संघाच्या सहलीबरोबर वाईकडच्या एका नदीकाठच्या देवळात जाऊन आल्या. न आलेल्या एका मैत्रिणीनं फोनवर विचारलं, कसं आहे गं, मला जमेल का. बाईंनी तिला लिहून पाठवलं, आणि उल्कालाही दाखवलं:

‘समक्ष पाहणी केली. देऊळ जुने आहे. पायऱ्या उंच. कठडा चढताना डाव्या हाताला, म्हणजे उतरताना उजव्या. ज्याने त्याने आपला गुडघा बघून निर्णय घ्यावा. मी घेतला, दोन दिवस शेकत आहे. देवापुढे बसायला जागा आहे, उठायला आधार नाही. चहा पुलाच्या पलीकडे घ्यावा. आम्ही अलीकडे घेतला. स्वच्छतागृह आहे, कडी नाही. सोबत माणूस न्यावे. दर्शन चांगले झाले.’

उल्का ते वाचून इतकी हसली की झोळीतली स्पृहा दचकून उठली. एका पायानं झोळी हलवत तिनं तो मजकूर आहे तसा ब्लॉगवर टाकला. खातं तिचं, म्हणून खाली आपोआप तिचंच नाव उमटलं. संध्याकाळी बदलू, असं तिच्या मनात होतं. संध्याकाळपर्यंत तिथं अशी गर्दी जमली होती की तिच्या धुक्याच्या सगळ्या लेखांना मिळून कधी जमली नव्हती.

“आई, तुमचं नाव घालते हं,” ती म्हणाली होती.

“एवढ्याशा मजकुराला नाव कसलं? माझं नाव नको.”

“अहो पण लिहिलंय तुम्ही.”

“नको म्हटलं ना.”

बाईंनी हे इतकं तुटक म्हटलं की उल्का गप्प बसली. आणि गप्प बसताना तिला आतून हायसं वाटलं, हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

त्याला आता वर्ष होत आलं होतं. बाई संघाबरोबर जात, येऊन लिहीत, उल्का टाकत असे. पैसे पुन्हा येऊ लागले, आधीपेक्षा बरे. बाई जातील तिथं घडीचं स्टूल खांद्याला अडकवून नेत आणि लेखात त्याचा उल्लेख असे. उल्कानं त्या स्टुलाची लिंक लेखाखाली दिली. त्या वाटेनं कोणी विकत घेतलं की तिला थोडं कमिशन मिळे. पूर्वी तिनं अशाच तंबूच्या आणि डोक्याला बांधायच्या टॉर्चच्या लिंका दिल्या होत्या, एका माणसानंही काही घेतलं नव्हतं. स्टुलं मात्र खपत होती. स्पृहाचे डायपर आणि दुधाचं बिल भागून वर थोडं उरायचं. बाईंना त्यातले द्यायला गेलं की त्या म्हणायच्या, “मला पेन्शन आहे. पोरीला घाल.”

भांडावं म्हटलं तरी कशावरून भांडणार?

आणि तरी उल्का जळत होती. नळ सोडून, न्हाणीघराची कडी लावून ती प्रतिक्रिया वाचायची. ‘उल्काताई, तुमच्यासारखं कोणीच लिहीत नाही.’ खरंच आहे, ती मनात म्हणायची, मी तर नाहीच लिहीत. उत्तर द्यावं लागायचं. ‘धन्यवाद. गुडघ्याला आता उतार आहे.’ असं टाइप करून ती नळ बंद करायची. बाहेर आलं की बाई स्पृहाला मांडीवर घेऊन वरणभात कालवत बसलेल्या दिसायच्या. उल्काला तासभर मोकळा मिळावा म्हणून. त्या मोकळ्या तासात उल्कानं करायचं काय, तर बाईंचाच नवा लेख टाकायचा.

एकदा तिनं त्यात एक शब्द घातला. बाईंच्या ते लगेच ध्यानात आलं.

“उल्का, हे ‘निसर्गरम्य’ कुणी घातलं?”

“मी. जरा कोरडं वाटत होतं, आई.”

“मी नाही लिहिलं. पाहणीत आढळलं नाही.”

“अहो, तलाव होता ना तिथं?”

“तलाव होता. तलाव असं लिहिलंय.” बाईंनी चष्मा वर सरकवला. “तुझ्या लेखात घाल हवं तर. तिथं शोभतं ते.”

शेवटचं वाक्य त्यांनी कुठल्या अर्थानं म्हटलं, यावर उल्का दोन पोळ्या करपेपर्यंत विचार करत राहिली.

मग तिनं ठरवलं, लिहायचंच. स्पृहा झोपली की लिहायचं, उठली की थांबायचं. असं तुकड्यातुकड्यानं, आठवडाभर. तळजाईच्या टेकडीवर स्पृहानं पहिल्यांदा झाडाच्या सालीला हात लावला आणि मग तोच हात स्वतःच्या गालाला लावून पाहिला, तिथलं आणि इथलं वेगळं का लागतं म्हणून. एवढंच होतं त्या लेखात. लिहिताना उल्काचे डोळे भरून आले होते. बऱ्याच दिवसांनी आपण आपल्याला भेटलो, असं तिला वाटलं.

प्रतिक्रिया आल्या. ‘ताई, या वेळी जरा मोघम वाटलं.’ ‘टेकडीवर बाक आहेत का, ते राहिलं.’ ‘तब्येत बरी आहे ना?’ एका बाईनं मोठ्या मायेनं लिहिलं होतं, ‘नात गोड आहे हो.’

कंपनीच्या बसमधून सौमित्रचा मेसेज आला: ‘मस्त आहे. आईनं काहीतरी वेगळं ट्राय केलंय का?’

घरी आल्यावर त्यानं खूप सारवासारव केली. “अगं, खाली नाव एकच असतं, माझा गोंधळ झाला.” तिनं त्याला चहा दिला, बिस्किटं दिली नाहीत.

सोनालीचा मेल आला तो या सगळ्यानंतर. भोरच्या बाजूला तिची आणि तिचा नवरा आनंद यांची छोटीशी जागा होती. शेत, चार खोल्या, घरचं जेवण. नुकतंच सुरू केलं होतं. ‘उल्काताई, सहकुटुंब या, दोन दिवस राहा, जसं वाटेल तसं लिहा. तुमचं मानधनही सांगा.’ ब्लॉगच्या जन्मापासून असं बोलावणं कधी आलं नव्हतं. उल्कानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. ‘उल्काताई’. तिलाच होतं ना ते? तिचा ब्लॉग, तिचं नाव, तिचा मेल. स्पृहा झाल्यापासून ती पुण्याच्या बाहेर पडली नव्हती. आपण जाऊ, आपण बघू, आपण लिहू, आणि या वेळी असं लिहू की कठड्याचं कोणाला नावही सुचणार नाही.

सासूबाईंना तिनं एवढंच सांगितलं, की शनिवारी भोरकडे जाऊन येतो. “तुम्हालाही नेलं असतं, आई, पण घाटाचा रस्ता आहे. गुडघा धरेल तुमचा.”

“कुठला घाट?”

“कात्रजचा.”

“त्याला बोगदा होऊन किती वर्षं झाली,” बाई म्हणाल्या. मग स्पृहाच्या झबल्याची घडी घालत, “जा की. मला कोणी बोलावलेलं नाहीच आहे.”

उल्काच्या कानशिलांवर ऊन चढलं.

सोनाली फाटकाशीच उभी होती. पंचविशीतली, चटपटीत, हातात आरतीचं तबक. स्पृहाला ओवाळलं, सौमित्रला नमस्कार केला आणि मग ती गाडीच्या मागच्या सीटवर वाकून बघायला लागली.

“मोठ्या बाई दुसऱ्या गाडीनं येत हायत का?”

“कोण मोठ्या बाई?” सौमित्र म्हणाला.

“उल्काताई. त्यांच्यासाठीच तर सगळं केलंय.” ती पुढं चालायला लागली. “हे बघा, पायऱ्यांना दोन्हीकडनं कठडा. ताईंनी लिहिलेलं नव्हतं का, एकाच अंगाला कठडा म्हणजे जाणाऱ्याची सोय, येणाऱ्याची नाही? परवाच रंग दिलाय. न्हाणीत खुर्ची ठेवलीय. कडी आहे, दोन आहेत. आमचे हे म्हणत होते, एवढं कशाला. मी म्हटलं, त्या समक्ष बघणार.”

उल्का कडेवरच्या मुलीसकट त्या कोऱ्या निळ्या कठड्यासमोर उभी राहिली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतर सोनालीच्या चेहऱ्याचं काय होईल ते तिला आधीच दिसलं. ही? ही पोरगी? आणि मग त्या खऱ्या कुठं आहेत? तो प्रश्न तिला ऐकायचा नव्हता. म्हणून तोंडातून भलतंच निघालं.

“त्या नाही आल्या. गुडघा धरलाय. मी त्यांची सून.”

“अगंबाई. आणि तुमचं नाव?”

“ऋचा,” उल्का म्हणाली.

सौमित्रनं तिच्याकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं आणि सामान आणायला निघून गेला. बॅगा ठेवताना तो हळूच म्हणाला, “ऋचा, मी कोण आहे ते आत्ताच सांगून ठेव.”

“तू तूच आहेस. गप्प बस.”

दिवसभर मग उल्का स्वतःची सून होती. सोनाली तिला हाताला धरून सगळं दाखवत हिंडली. विहीर, गोठा, इंद्रायणी भाताच्या राशी, चुलीवरचं जेवण. प्रत्येकापाशी एकच पालुपद: “ताईंना सांगा हं.” कोवळ्या उन्हात नदी चकाकत होती, मोहरीच्या फुलांवर फुलपाखरं होती, उल्काच्या मनात ओळी भराभर येत होत्या आणि सोनालीचं बोलणं त्यांच्यावरून नांगर फिरवत होतं.

“माझी सासू वाचत नाही काही. पण उल्काताईंचं आलं की म्हणती, वाच मोठ्यानं. त्यांनी ‘चांगले’ लिहिलं ना, की समजायचं, लाखात एक जागा. उगं हुरळून जात नाहीत.”

उल्कानं जरा थांबून विचारलं, “त्यांचे जुने लेख वाचलेत का हो तुम्ही? स्कूटरवरून हिंडायच्या तेव्हाचे?”

“ते होय? वाचले की. छान हायत. धुकं बिकं.” सोनाली विचार करत म्हणाली. “पण जायचं कसं, ते कुठं लिहिलंय त्यात?”

दुपारी जेवणं झाल्यावर सगळे ओसरीवर बसले होते तेव्हा उल्काच्या फोनवर घरून व्हिडिओ कॉल आला. स्पृहानं झडप घालून तो उचलला. पडद्यावर आधी सुहासिनीबाईंचं कपाळ आलं, मग चष्मा.

“उल्का, पोरीला टोपी घातलीस का? ऊन आहे तिकडं.”

सोनाली पुढं सरकली आणि फोनकडे वाकली. “तुम्हीच ना उल्काताई? नमस्कार. मी सोनाली. पण ह्यांना का उल्का म्हणताय? ह्या तर तुमच्या सूनबाई, ऋचा.”

उल्काला वाटलं, ओसरी दुभंगावी. तिनं पडद्याकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. परत घातला. एवढ्या वेळात त्यांनी काय काय जुळवलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

“सूनबाईच,” त्या म्हणाल्या. “माहेरची उल्का, आमच्याकडची ऋचा. एका घरात दोन उल्का म्हणजे हाक मारली की एक तर दोघी येणार, नाहीतर एकही नाही. म्हणून लग्नात ताटातल्या तांदळात ऋचा लिहिलं. पण आमचं येणंजाणं आधीपासूनचं, तोंडात जुनंच बसलंय.”

“असं होय,” सोनालीला पटलं. “माझं पण बदलणार होते, माझ्या जावेचं नाव सोनाली निघालं म्हणून. मीच नाही म्हटलं.”

“चांगलं केलंस.”

मग सोनालीनं फोनच हातात घेतला आणि बाईंना पुन्हा सगळं दाखवायला निघाली. लांबून आवाज येत राहिला. “तो पाइप हलवून दाखव. जोरात हलव. हं. नळ सोड. उन्हाळ्यात येतं का एवढं? नक्की? मे महिन्यातलं विचारतेय मी.” शेवटी बाई म्हणाल्या, “दिसतंय तर बरं. पण फोनवर बघून मी लिहीत नाही. समक्ष यावं लागेल.”

परत येताना गाडीत उल्काला स्वतःचं लग्न आठवत होतं. गुरुजींनी ताट पुढं केलं होतं, सौमित्रच्या हातात अंगठी होती, आणि आत्याबाईंनी नवं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. काय होतं ते, तेही आता आठवत नव्हतं. मागून बाईंचा आवाज आला होता, “आहे तेच लिही रे.” आत्याबाई पंगतीतसुद्धा त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. सौमित्रनं तांदळात उल्का लिहिलं, आणि जिनं ते राखलं, तिनंच आज ते बदलून उल्काची लाज राखली होती. आभार मानावेत तर तेही गिळवत नव्हतं. इतक्या पटकन इतकं चोख खोटं आपल्याला सुचलं असतं का? म्हणजे तिथंही त्याच वरचढ.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मेथी निवडत बसल्या होत्या. स्पृहा देठ उचलून परत पानांत टाकत होती आणि बाई ते परत काढत होत्या. उल्का समोर बसली.

“आई, बोलावणं आलं होतं, ते मी सांगितलं नाही तुम्हाला.”

“नाही सांगितलंस.”

“तुम्ही चिडलात का?”

“चिडले. तू घाट म्हणालीस तेव्हाच.” बाईंनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. “निदान खोटं बोलायचं तर नकाशा बघून बोलावं.”

बाईच पुढं म्हणाल्या, आवाज न बदलता, “तुझे जुने लेख मी सगळे वाचलेत. लग्न ठरलं तेव्हा सौमित्रनं दाखवले. एकटी मुलगी, स्कूटर काढते, वाटेल तिथं वळते, कोणाला विचारत नाही. एक लेख वाचला की मला तुझ्याशी धड बोलवत नसे.”

“म्हणजे ते… मला वाटायचं, माझी आमटी…”

“आमटी ठीकच असायची.” बाईंनी जुडी संपवली, दुसरी सोडली. “मी काय कमी हिंडले? पर्वतीपासून येरवड्यापर्यंत गल्ल्या पालथ्या घातल्या. पण दुसऱ्याच्या नळासाठी. स्वतःच्या मनानं कुठं वळले नाही. तू वळायचीस आणि वर लिहायचीस, धुक्यानं काय केलं नि कोणाच्या गळ्यात हात टाकले. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.”

उल्का त्यांच्याकडे बघतच राहिली. ही बाई, आपल्यावर जळत होती. आपल्या धुक्यावर. तिला हसू येत होतं, आणि सगळ्यांत आधी, खरं सांगायचं तर, तिला फार बरं वाटत होतं.

“मग स्वतःचं नाव का नको म्हणालात?” तिनं विचारलं. “तुमचं नाव असतं तर हे काही झालंच नसतं.”

स्पृहानं त्यांच्या मांडीवर चढून कानातली कुडी धरली, ती त्यांनी अलगद सोडवली.

“सुहासिनी हे नाव मी कुठं मागितलं होतं? ह्यांनी तांदळात लिहिलं, सासूबाईंना आवडायचं म्हणून. मग खात्यात तेच, पेन्शनला तेच. वाईट नाही नाव. पण बाहेर पडते तेव्हा ती बाई मला बरोबर नको वाटते. तिला सारखं घरी परत जायचं असतं.”

“आधीचं काय होतं?”

“कुसुम.” त्यांनी ते असं म्हटलं, की शेजारच्या खोलीतल्या कोणाला ऐकू जाऊ नये. मग मेथीचं ताट घेऊन उठता उठता, ओट्याचा आधार घेत, “घाल हवं तर. आडनाव नको.”

उल्कानं सोनालीला फोन करून सगळं खरं सांगून टाकलं. सोनाली म्हणाली, “म्हणजे कठडा उल्काताईंसाठी नव्हताच म्हणा की.” आणि मग, “मग त्या कुसुमताई कधी येतायत?”

मानधन कुसुमताईंना द्यायचं ठरलं. पुढच्या आठवड्यात उल्का आणि स्पृहा त्यांना स्वारगेटला एसटीत बसवून द्यायला गेल्या. बाई खिडकीशी बसल्या, स्टूल मांडीवर घेऊन. गुडघा दुखत असणार, चेहऱ्यावर काही नव्हतं. एसटी हलली तेव्हा त्यांनी हात केला तो फक्त स्पृहाला, आणि मग मान पुढं वळवली ती वळवलीच. उल्का फलाटावर पोरीला घेऊन उभी राहिली. त्या खिडकीत आपण असायला हवं होतं, हा विचार तिला इतका लख्ख टोचला की स्पृहानं तिच्या तोंडाकडे बघून ओठ काढला.

लेख ब्लॉगवर गेला तो ‘– कुसुम’ या नावानं. वर उल्कानं चार ओळींचा खुलासा लिहिला. गेल्या वर्षभरातले लेख कोणाचे, आपले कोणते, इथून पुढं दोघी आपापल्या नावानं लिहू. बाईंनी तो वाचून ‘ठीक’ म्हटलं. लेख नेहमीसारखाच होता. कठडा दोन्ही बाजूंना, मजबूत. कड्या दोन. नळाच्या मे महिन्यातील पाण्याबद्दलचे उत्तर समाधानकारक वाटले नाही, पुन्हा विचारले जाईल. भात चांगला.

दुपारी स्पृहा झोपल्यावर दोघी फोन घेऊन बसल्या. बाई नेहमी अशा बसत नसत. आज चष्मा पुसून बसल्या होत्या.

“आली का एखादी?”

“आल्यात दोनतीन.”

“वाच.”

उल्कानं पहिली मनात वाचली आणि थांबली.

“वाच ना.”

“‘कुसुमताई, प्रयत्न चांगला आहे. पण उल्काताईंची सर नाही. त्या पुन्हा कधी लिहिणार?’”

बाईंनी चष्मा नाकावर पुन्हा नीट बसवला.

“पुढची?”

“‘उल्काताईंची शैली उचलण्यापेक्षा नवीन लेखिकेनं स्वतःची शोधावी.’”

“वर खुलासा दिलाय ना आपण?”

“दिलाय. लोक वाचत नाहीत, आई.”

“कोण आहे हा?”

“कोणी निवृत्त मुख्याध्यापक आहेत.”

“तरीच.” बाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. “एवढं काय लिहायची ती उल्का?”

उल्कानं खाली बघितलं. ती स्तुती तिची नव्हती, तिच्या एका अक्षराचीही नव्हती. तरी छातीत काहीतरी गारगार पसरत गेलं. तिनं ती पहिली प्रतिक्रिया अगदी निर्लज्जपणे पुन्हा एकदा वाचली, मनात, चवीनं. मग तिचं लक्ष बाईंच्या हाताकडे गेलं. तो पुढं झाला होता.

“दे इकडं तो फोन.”

बाईंनी त्या पहिल्या प्रतिक्रियेखाली एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, बराच वेळ टाइप केलं. दोनदा खोडलं. मग फोन परत दिला. उल्का धसकूनच वाचायला लागली.

‘आपला शेरा वाचला. उल्का सध्या लहान मुलीच्या मागे असते. सवड होताच लिहील. तिच्या लेखात कठडे नसतात, तरी वाचावे. – कुसुम’

उल्कानं मान वर केली. बाई गुडघ्यावर हात दाबून उठत होत्या. आतल्या खोलीत झोळीची दोरी हलली आणि पुन्हा स्थिर झाली.

“झोपलीय तोवर बस लिहायला,” त्या म्हणाल्या. “फक्त माझ्यापेक्षा चांगलं झालं तर मला दाखवू नकोस.”